विजेवरील शाळेची बस आणि जिल्ह्याजिल्ह्यांचा वाटा

रायपूर शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरांवर नवा रायपूर ही छत्तीसगढ राज्याची नियोजित राजधानी वसविण्यात आली आहे. यातील ‘नवा’ हा शब्द मराठी वाचकास घरचाच वाटेल. छत्तीसगढी बोलीतही तो तसाच आहे. २०१२ साली राज्याचे मंत्रालय येथील महानदी भवनात आले आणि तेव्हापासून राज्यातील सर्व जिल्ह्यांच्या शाळा, रस्ते व वीज यांविषयीचे निर्णय या नगरीत होऊ लागले. नगरीतील रस्ते रुंद, सरळ आणि बहुतांशी सपाट आहेत. विजेवर चालणाऱ्या बसगाडीला याहून सोयीची भूमी क्वचितच मिळेल.

याच राज्याच्या दक्षिण टोकाला सुकमा व बिजापूर हे जिल्हे आहेत. त्यांच्याजवळच नारायणपूर जिल्ह्यात अबूझमाडचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. इंद्रावतीच्या अलीकडच्या तीरावर महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. तेव्हा भामरागडच्या वा सिरोंच्याच्या वाचकास या मुलुखाची ओळख करून देण्याचे कारण नाही. तेथे पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात, फरशीचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात आणि वीज एका लांबलचक तारेच्या शेवटी येऊन पोहोचते. एक राज्य, एकच शिक्षणखाते. पण शाळेच्या बसच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन निराळे देश होत.

डिझेलवरील गाड्या जाऊन विजेवरील गाड्या येणार, ही गोष्ट आता केवळ तर्काची राहिलेली नाही. छत्तीसगढ शासनाने २०२२ साली विद्युत्‌वाहनांसंबंधीचे आपले धोरण जाहीर केले. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ या योजनेस मान्यता दिली. तीत देशातील शहरांकरिता विजेवरील १०,००० बसगाड्यांची तरतूद आहे. आता प्रश्न उरतो तो क्रमाचा व वाटपाचा. नवी गाडी प्रथम कोणाच्या दारी जाणार, जुनी कोणाच्या माथी मारली जाणार, आणि तिला लागणाऱ्या विजेचा धूर कोण सोसणार? या प्रश्नांना न्यायाची बाजू आहे, तशीच पदार्थविज्ञानाची व हिशोबाचीही आहे. त्यांपैकी दुसरी बाजू आधी समजून घेतली, तर पहिलीविषयी बोलणे सोपे जाते.

दोन गाड्यांचा हिशोब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १० युनिटे, इतकी ऊर्जा साठलेली असते. वारंवार थांबत जाणारी मध्यम आकाराची बस एका लिटरमध्ये सुमारे चार किलोमीटर जाते असे धरले, तर तिला दर किलोमीटरला अडीच युनिटे ऊर्जा लागते. तेवढ्याच आकाराची विजेवरील बस, भारणातील घट धरूनही, सुमारे एका युनिटात तो किलोमीटर काटते. याचे कारण उघड आहे. डिझेलच्या इंजिनात जाळलेल्या इंधनाचा बराचसा भाग उष्णता होऊन निघून जातो. गाडी थांब्यावर उभी असतानाही इंजिन फिरतच असते. विद्युत्‌चलित्र मात्र थांब्यावर खरोखरच थांबते आणि त्याला मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकापर्यंत पोहोचवते. शिवाय उतारावर किंवा ब्रेक लावताना तेच चलित्र जनित्रासारखे उलटे काम करून काही वीज बॅटरीत परत भरते.

या शेवटच्या गुणाचे महत्त्व डोंगराळ जिल्ह्यांत विशेष आहे. रायपूरहून जगदलपूरला जाताना केशकालचा वळणावळणांचा घाट लागतो. दहा टन वजनाची बस २०० मीटर उंची चढली असे समजू. वजन, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केल्यास या चढणीसाठी सुमारे साडेपाच युनिटे लागतात असे दिसते. म्हणजे सपाटीवरील साडेपाच किलोमीटरांची शिदोरी या एका चढणीत संपते. उतरताना त्यातील बराच भाग परत मिळतो, सर्व नव्हे. म्हणून नकाशावरील अंतर पाहून बॅटरीचा आकार ठरविणे धोक्याचे आहे. मार्गाची चढउतारही मोजली पाहिजे. नवा रायपूरच्या सपाट रस्त्यावर चाचणी घेतलेल्या गाडीचा पल्ला कोंडागावच्या किंवा जशपूरच्या मुलांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता पैशाचा हिशोब पाहू. डिझेल ९५ रुपये लिटर व वीज आठ रुपये युनिट धरली, तर पहिल्या गाडीचा इंधनखर्च दर किलोमीटरला सुमारे २४ रुपये आणि दुसरीचा आठ रुपये येतो. बचत सोळा रुपये. पण विजेवरील बस विकत घेताना डिझेलच्या बसच्या दुपटीहून अधिक किंमत मोजावी लागते. हा फरक सोयीसाठी ४० लाख रुपये मानू. शाळेच्या बसची एक विशेष अडचण अशी की, ती वर्षातील थोडेच दिवस धावते. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यात पहिली ते पाचवीस वर्षाला २०० व सहावी ते आठवीस २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. शहरातील एखादी बस दिवसाला ५० किलोमीटर फिरली, तर २२० दिवसांत ११,००० किलोमीटर होतात आणि बचत पावणेदोन लाखांच्या आसपास येते. या गतीने ४० लाख भरून निघण्यास सुमारे २३ वर्षे लागतील, आणि तोवर गाडी मोडीत गेलेली असेल. याउलट विरळ वस्तीच्या जिल्ह्यात दूरदूरच्या पाड्यांवरून मुले गोळा करणारी बस दिवसाला १२० किलोमीटर फिरली, तर वर्षाची बचत सव्वाचार लाखांच्या घरात जाते आणि साडेनऊ वर्षांत फरक फिटतो.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यांत व्याजाचा, बॅटरी बदलण्याचा किंवा मोकळ्या रस्त्यावर डिझेल कमी लागते याचा विचार केलेला नाही. तथापि त्यांतून निघणारी दिशा खरी आहे, आणि ती सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट आहे. विजेची बस ही शहराची चैन असून खेड्याला ती परवडणार नाही, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः गाडी जितकी अधिक धावते तितकी ती अधिक परवडते, आणि अधिक धावण्याची गरज असते ती खेड्यालाच. खेड्याजवळ नसते ते सुरुवातीचे भांडवल.

वाटपाच्या तीन रीती

हे भांडवल शासनाने द्यावयाचे असेल, तर ते कोणत्या निकषावर द्यावे? अनुभवाने तीन रीती समोर आल्या आहेत.

पहिली रीत लोकसंख्येची. पीएम ई-बस सेवा ही योजना २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी मुख्यतः आखलेली आहे. छत्तीसगढास तीतून २४० गाड्या मंजूर झाल्या: रायपूरला १००, दुर्ग-भिलाईला ५०, बिलासपूरला ५० आणि कोरब्याला ४०. या गाड्या शाळांसाठी राखीव नाहीत, त्या शहरी वाहतुकीच्या आहेत; पण शाळेत जाणारी मुलेही शहराच्या बसनेच जातात. ही चारही ठिकाणे राज्याच्या मध्यपट्ट्यात आहेत. दक्षिणेकडील बस्तर विभागाला आणि उत्तरेकडील सरगुजा विभागाला या वाटपात एकही गाडी नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे नव्हे. तीन लाखांची चाळणी लावली की तिच्यातून जगदलपूर आणि अंबिकापूर आपोआप खाली गळतात. छत्तीसगढातील शंभरांपैकी सुमारे ७७ माणसे २०११ साली खेड्यांत राहत होती, ही गोष्ट या चाळणीला दिसतच नाही.

दुसरी रीत सोडतीची. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे पाच लाख पिवळ्या बसगाड्या रोज अडीच कोटींच्या आसपास मुलांची ने-आण करतात. तेथे ‘डिस्ट्रिक्ट’ या शब्दाचा अर्थ आपल्या जिल्ह्याहून निराळा आहे. तेथील शालेय डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालविणारे, स्वतःचा कर बसविणारे एक स्थानिक मंडळ. काही मंडळे श्रीमंत, काही अगदी कंगाल. २०२१ च्या एका कायद्याने तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला शाळांच्या स्वच्छ बसगाड्यांसाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर देण्यात आले. २०२२ च्या पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मंडळांनी बारा हजारांहून अधिक गाड्या मागितल्या. निधी मात्र तेवढ्यांना पुरणारा नव्हता. तो जवळजवळ एक अब्जापर्यंत वाढवूनही सुमारे ४०० मंडळांच्याच वाट्याला गाड्या आल्या. निवड सोडतीने झाली, पण गरीब, ग्रामीण व आदिवासी मंडळांना आधी स्थान देऊन. जुन्या डिझेल इंजिनाच्या गाड्यांच्या बदल्यात नव्या दिल्या, तर जुन्या मोडीत काढण्याची अटही घालण्यात आली. ही अट वरवर किरकोळ वाटते. परंतु ती नसती तर श्रीमंत मंडळाची धूर ओकणारी जुनी गाडी स्वस्तात विकली जाऊन शेजारच्या गरीब मंडळात पुन्हा मुलेच वाहू लागली असती.

सोडतीला आणखी एक अनपेक्षित फळ आले. त्याच संस्थेने २०१२ ते २०१७ या काळात जुन्या गाड्या बदलण्यासाठी लहान प्रमाणावर मदत दिली होती, आणि तीही सोडतीनेच. सोडतीत कोण जिंकणार हे दैवाधीन असल्याने जिंकलेली व हरलेली मंडळे इतर सर्व बाबतींत सरासरीने सारखीच होती. औषधाच्या परीक्षेत जशी दोन गटांची तुलना करतात, तशी तुलना येथे आयतीच जुळून आली. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ती करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: गाड्या बदललेल्या मंडळांत मुलांची शाळेतील हजेरी वाढली, आणि जेथे अतिशय जुन्या गाड्या, विशेषतः १९९० पूर्वीच्या, गेल्या तेथे ती सर्वांत अधिक वाढली. धूर कमी झाला, आजारपणे कमी झाली, मुले शाळेत आली, असा त्याचा अर्थ लावता येतो.

डिझेलच्या धुराविषयी एवढे सांगितले पाहिजे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली त्याला मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. मुले वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा अधिक हवा आत घेतात. बस थांब्यावर उभी राहिली, दार उघडले की तिचा स्वतःचा धूर आतही शिरतो. म्हणजे बसमागून चालणाऱ्याइतकाच, कधी त्याहूनही अधिक त्रास बसमधील मुलाला होऊ शकतो. भारतात एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’ हे कडक मानक लागू झाल्यामुळे नव्या डिझेल गाड्यांचा धूर बराच कमी झाला आहे. तेव्हा खरा लाभ नवीकोरी डिझेल बस काढून टाकण्यात नाही. पंधरा वर्षांची खिळखिळी बस काढून टाकण्यात आहे. आणि अशी बस कोठे सापडते? सामान्यतः जेथे पैसा कमी, तेथेच. या ठिकाणी न्याय आणि काटकसर यांची तोंडे एकाच दिशेला आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

तिसरी रीत गरजेची, आणि तिचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुके निवडण्यात आले आणि तेथील मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी राज्य परिवहन महामंडळाच्या डिझेलवर चालणाऱ्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. तालुका किती मोठा हे येथे पाहिले नाही. तो किती मागे आहे हे पाहिले. आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या मुलीच्या मार्गात बहुधा अंतर आडवे येते, हे ओळखून ही योजना आखली गेली. याच महामंडळाची विजेवरील पहिली बस १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. १९४८ साली त्याच मार्गावर, त्याच तारखेला एसटीची पहिली गाडी सुटली होती. तो मान त्या मार्गाला मिळणे स्वाभाविक आहे. तथापि वर दिलेल्या हिशोबाच्या दृष्टीने पाहता, निळ्या बसची निवड ज्या तत्त्वाने झाली आणि विजेच्या बसची सुरुवात ज्या मार्गावर झाली, ती दोन तत्त्वे अजून एकत्र यावयाची आहेत.

छत्तीसगढात एसटीसारखे राज्याचे परिवहन महामंडळ नाही. गावोगावच्या बस खाजगी मालक चालवतात आणि जेथे उतारू कमी तेथे त्या जात नाहीत. हे जाणून राज्य शासनाने २०२५ साली बस्तर व सरगुजा विभागांसाठी मुख्यमंत्री ग्रामीण बस योजना सुरू केली. दुर्गम मार्गावर बस चालविणाऱ्यास सुरुवातीची वर्षे दर किलोमीटरमागे अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. विजेच्या बसला हवी असलेली चौकट ती हीच. केंद्राच्या ई-बस योजनेतही चालकसंस्थेला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरांचे. दोन योजनांचे मोजमाप एकच असल्यामुळे त्यांची सांगड घालणे अवघड नसावे. आडवी येते ती शहराच्या लोकसंख्येची अट.

बस नको, वसतिगृह हवे?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. छत्तीसगढातील सरकारी शाळांची बहुतेक मुले बसने जातच नाहीत. ती पायी किंवा सायकलीने जातात. नववीतल्या मुलींना सायकली देण्याची सरस्वती सायकल योजना तेथे दीर्घकाळ चालू आहे आणि तिने मोठेच काम केले आहे. दंतेवाडा, बिजापूर, सुकमा या जिल्ह्यांत गावातील शाळा अशांततेच्या काळात उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा बांबूच्या तट्ट्यांच्या निवासी शाळा उभारण्यात आल्या. त्यांना तेथे ‘पोटाकेबिन’ म्हणतात. रस्ताच नसेल तर बस विजेची की डिझेलची हा वाद व्यर्थ आहे. शिक्षणहक्काच्या केंद्रीय आदर्श नियमांनीही हे ध्यानात घेतले असून, जवळ शाळा काढणे शक्य नसेल तेथे मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करावी असे म्हटले आहे.

म्हणून समान वाटा म्हणजे प्रत्येक जिल्ह्यास सारख्या संख्येने बसगाड्या, असा अर्थ घेऊ नये. ३३ जिल्ह्यांना प्रत्येकी दहा गाड्या वाटणे हे आळशी माणसाचे गणित झाले. एखाद्या मुलीला घरून शाळेत पोहोचण्यास किती वेळ लागतो, वाटेत तिला किती धूर घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात तिचे किती दिवस बुडतात, या तीन गोष्टी जिल्ह्याजिल्ह्यांत मोजल्या, तर कोठे सायकल पुरे, कोठे बस हवी आणि कोठे वसतिगृहच योग्य हे कळू शकेल. मोजणी झाल्यावाचून वाटप झाले की ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गाडी जाते.

वीज कोठून येणार

विजेच्या बसविरुद्ध दुर्गम जिल्ह्यांच्या बाबतीत नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे तेथील अशक्त वीजपुरवठा. या कारणात तथ्य आहे, पण दिसते तितके नाही. शहरातील आगारात दिसणारी, अर्ध्या-पाऊण तासात बस भारून देणारी अवजड यंत्रे शेकडो घरांएवढी वीज एका वेळी ओढतात. तशी यंत्रे खेड्यातील रोहित्राला पेलणार नाहीत. परंतु शाळेच्या बसला ती घाई कशाला हवी? संध्याकाळी मुलांना सोडून आलेली गाडी सकाळपर्यंत उभीच असते. ६० किलोमीटर धावलेल्या गाडीला ६० युनिटे हवी असतील, तर आठ तासांत ती भरण्यास साडेसात किलोवॅटचा भार पुरतो. दहा अश्वशक्तीच्या शेतीपंपाचा भार एवढाच असतो. दिवसाला १२० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला दोन पंपांइतका भार लागेल. ज्या गावात पंप चालतात त्या गावात बस भारता येणार नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अट एकच की रात्रीची वीज अखंड राहावी, आणि ती जाण्याचे प्रसंग किती येतात याची नोंद आधी ठेवलेली असावी.

दुसरा मार्ग सूर्याचा. सकाळी दहापासून चारपर्यंत शाळेची बस बहुधा शाळेच्याच आवारात उन्हात उभी असते. नेमक्या याच वेळी छपरावरील सौरपत्रे भरात असतात. एक किलोवॅटची पत्रे दिवसाला सरासरी चार युनिटे देतात आणि सुमारे दहा चौरस मीटर जागा व्यापतात. ६० युनिटांसाठी पंधरा किलोवॅट, म्हणजे १५० चौरस मीटर छप्पर हवे; माध्यमिक शाळेच्या इमारतीवर एवढी जागा निघू शकते. छत्तीसगढात सौरविजेचा अनुभव नवा नाही. तेथील अक्षय ऊर्जा विकास अभिकरणाने, ज्यास ‘क्रेडा’ म्हणतात, आडवळणाच्या खेड्यांत आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रांवर सौरसंच बसविले आणि त्यांच्या देखभालीची स्थानिक व्यवस्थाही लावली. मात्र येथे एक पेच आहे. गाडी परवडावी म्हणून ती दुपारी इतर उतारूंसाठी फिरवावी असे एक मन म्हणते, आणि सूर्याची फुकट वीज घ्यावयाची तर ती दुपारी उभी राहिली पाहिजे. दोन्ही साधणार नाही. कोणत्या मार्गावर काय पत्करावे हे त्या त्या ठिकाणीच ठरू शकेल. राजधानीतून काढलेल्या एका परिपत्रकाने ठरणार नाही.

बहुतेक ठिकाणी वीज येणार ती कोळशाचीच, आणि येथे कोरबा जिल्ह्याचा विचार अटळ होतो. हसदेव नदीच्या काठी वसलेल्या या जिल्ह्यात गेवरा ही जगातील अतिविशाल कोळसाखाणींपैकी एक खाण आहे आणि तिच्या परिसरात औष्णिक वीजकेंद्रांची रांग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत कोरब्याचे नाव होते. कोळशाचे केंद्र एक युनिट वीज देण्यासाठी जवळपास तीन युनिटांची उष्णता जाळते. म्हणून आरंभी सांगितलेली अडीचास एक ही विजेच्या बसची बचत मूळ इंधनापर्यंत मागे गेल्यास जवळजवळ नाहीशी होते. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. भारतातील एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो, आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, एका किलोमीटरला दोन्ही गाड्यांचा वाटा जवळपास सारखाच येतो. पुढे सूर्याची व वाऱ्याची वीज वाढत जाईल तसतसे पारडे विजेच्या बसकडे झुकेल. ती गाडी दहा-बारा वर्षे चालणार असल्याने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण आज घडणारा मुख्य बदल धुराच्या जागेचा आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. रायपुरातील मुलाच्या नाकासमोरून तो हलतो आणि कोरब्यातील उंच चिमणीतून बाहेर पडतो. चिमणीवर राख पकडणारी यंत्रे बसविता येतात, हजारो बसच्या नळीवर तशी देखरेख ठेवता येत नाही, हे खरे. तरीही राज्याला वीज पुरविणाऱ्या जिल्ह्यातील मुलांनी राखही घ्यावी आणि जुन्या डिझेल बसमध्येही बसावे, हे कोणत्याही हिशोबात बसत नाही. गाड्यांच्या यादीत कोरब्याला ४० गाड्या आल्या त्या त्याच्या वस्तीमुळे. त्याने सोसलेल्या राखेची दखल कोणत्याही रकान्यात नाही.

राहिली दुरुस्ती. डिझेलचे इंजिन जगदलपूरच्याच काय, लहानशा बाजारगावच्या मिस्त्रीलाही उघडता येते. विजेच्या गाडीत बिघडण्याजोगे भाग थोडे. तेल बदलणे नाही, क्लच नाही. परंतु जे बिघडते ते कित्येक शे व्होल्टच्या दाबाखाली असते आणि त्याला अप्रशिक्षित हात लावणे जिवावर बेतू शकते. रायपूर ते जगदलपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि सुकमा त्याच्याही शंभरएक किलोमीटर पलीकडे. कारागीर रायपूरहून येणार असेल, तर एका लहानशा बिघाडापायी गाडी आठवडाभर उभी राहते आणि मुले पुन्हा पायी निघतात. म्हणून गाड्यांचा करार करताना त्या किती द्याव्या याबरोबरच, बिघाडानंतर किती तासांत कारागीर पोहोचला पाहिजे, सुटे भाग कोणत्या तालुक्याच्या गावी ठेवले पाहिजेत आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दरवर्षी किती मुलामुलींना हे काम शिकवले पाहिजे, हेही लिहून घेणे अगत्याचे आहे. हे प्रशिक्षण पुरे होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात; तेव्हा ते गाड्या येण्याच्या आधी सुरू करावे लागते.